दार लावायच्या आधीची हाक

मी कायदेमंडळात लघुलेखिका होते. सभासद बोलायचे आणि सभापतींच्या आसनाखालच्या टेबलाशी बसून मी ते उतरवून घ्यायचे. इतकी वर्षं लोकांची बडबड कानांतून बोटांत उतरवली की माणसाजवळ दोनच गोष्टी शिल्लक राहतात. एक दुखरं मनगट, आणि दुसरी, कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल आदर. कडीदादांबद्दल लिहायला बसले आहे ते त्या आदरापोटी. थोडा रागही आहे, तो पुढे येईलच.

कडीदादा सभागृहाचे दारवान. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. सभागृहाला दारं तीन, पण बाजूची दोन कायम आतून बंद असत. सगळं येणंजाणं मधल्या मोठ्या दारातून. हे दार जाड लाकडाचं, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याला आतून कातडं लावलेलं, आणि वर हातभर लांबीची पितळी कडी. दार उघडायचं, लावायचं, बिजागऱ्यांना तेल घालायचं, कडी पुसायची आणि कोण आत चाललंय ते बघायचं, एवढं त्यांचं काम. "एवढंच?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "एवढंच. पण रोज."

एरवी दार उघडं असलं काय नि लोटलेलं असलं काय, कुणाचं काही अडत नसे. दाराला किंमत यायची ती मतदानाच्या वेळी. मतदान पुकारलं की इमारतभर विजेची घंटा वाजू लागे. उपाहारगृहात, वाचनालयात, जिन्यांत, स्वच्छतागृहांतसुद्धा. सभासद हातातलं टाकून येत. काही मिनिटांनी घंटा थांबे, सभापती म्हणत, "दार लावा," आणि कडी पडे. एकदा कडी पडली की मोजणी संपेपर्यंत आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही, मग बाहेर खुद्द पंतप्रधान का उभे असेनात.

पण सभापतींचा हुकूम आणि कडी यांच्या मधे कडीदादांची स्वतःची एक गोष्ट होती, आणि ती कुठल्याही नियमात नव्हती. ते डोकं बाहेर काढत, लांबलचक व्हरांड्यात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघत, आणि खड्या आवाजात हाक देत, "दार लागतंय होऽ!" मग एक श्वास थांबत. मग दार लावत. ज्या म्हाताऱ्या दारवानाच्या हाताखाली ते शिकले होते त्यानं सांगून ठेवलं होतं की कुणाच्या तोंडावर दार आपटू नये, आधी सांगावं. तेवढ्यावर त्यांनी जन्मभर हाक चालवली. ती सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की हाक ऐकल्याशिवाय सभापती पुढचा कागद उचलत नसत. आमच्या वसाहतीतली पोरंसुद्धा लपंडावात राज्य घेताना "दार लागतंय होऽ" म्हणत.

आता थोडं राज्यघटनेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साधा कायदा करायचा तर हजर असलेल्यांत एक मत जास्त मिळालं की काम झालं. घटना बदलायची तर तसं चालत नाही. तिला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. आमच्या वसाहतीत जिन्याला रंग द्यायचा की नाही हे याच हिशेबानं ठरायचं, त्यामुळे मला तो चांगला समजतो. जो सभेला आला नाही तो रंगाच्या विरुद्ध धरायचा, मग तो बिचारा तापानं फणफणलेला का असेना. आमचा जिना अजून काळाच आहे. घटनेचं तर याहून अवघड. सभागृहात जमलं की निम्म्याहून जास्त प्रांतांच्या विधिमंडळांनी होकार द्यायचा, आणि मग शेवटी लोकांनी मत द्यायचं. शिवाय सभागृहात एकदा पडलेली दुरुस्ती त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत पुन्हा आणता येत नाही. निवडणूक होऊ द्यायची, नवी माणसं येऊ द्यायची, मग पुन्हा श्रीगणेशा.

बाहेरची माणसं यावर वैतागतात. मी वैतागत नसे, कारण मी एक दिवस पाहिला होता. एका पंतप्रधानांना खुर्ची सोडवेना. घटनेत लिहिलेली मुदतीची मर्यादा काढून टाकायची दुरुस्ती त्यांनी आणली. मतं मोजून ठेवली होती, मिठाईसुद्धा सांगून झाली होती म्हणतात. त्यांचे काही सभासद उपाहारगृहात बसून जेवण लांबवत राहिले. घंटा थांबली. कडीदादांनी डोकं बाहेर काढलं, हाक दिली, एक श्वास थांबले आणि कडी घातली. दोघे तोंड पुसत आत शिरले होते, बाकीचे बाहेर दारावर थापा मारत बसले. दुरुस्ती पडली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या माणसांनी कडीदादांना बोलावून दमात घेतलं. कडीदादा म्हणाले, "साहेब, हाक दिली होती." ती सगळ्या इमारतीनं ऐकली होती, तेव्हा त्यांना सोडून द्यावं लागलं. घराचा पाया कुणालाही येता-जाता उकरता येऊ नये हे माझं मत त्या दिवसापासूनचं आहे.

कडीदादा आणि मी एकाच वसाहतीत राहायचो. ते तळमजल्यावर, मी त्यांच्या बरोबर वर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एक बाकडं. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, हुशार आणि हट्टी. पूल बांधायला आलेल्या एका परदेशी इंजिनियराशी तिनं लग्न केलं आणि त्याच्या देशात गेली. तो फार जगला नाही. आजारानं गेला, आणि ही तान्ह्या मुलीला घेऊन बापाच्या दारात परत आली. कडीदादांनी बाकडं उचलून त्या जागी पाळणा ठेवला.

त्या नातीला आम्ही माऊ म्हणायचो, कारण तिला घर असं एक नव्हतंच. सकाळचं दूध खाली, पोळी माझ्याकडे, अभ्यास समोरच्यांकडे. इथेच चालायला शिकली, इथेच पडली, इथेच पाढे पाठ केले. तिला शिव्या फक्त आमच्या भाषेत येत, आणि माणूस कुठला हे ठरवायला माझ्या मते त्याहून भरवशाचा पुरावा नाही. पण घटनेत लिहिलं होतं की नागरिकत्व बापाकडून येतं. बाप परका, म्हणून माऊ परकी. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांना लेकीबाळी नव्हत्या असं थोडंच आहे. त्यांच्या डोक्यातच आलं नाही, इतकंच. मोठ्या माणसांच्या डोक्यात न आलेल्या गोष्टी लहान माणसांना फार महागात पडतात.

दर वर्षी कडीदादा माऊला घेऊन परदेशी नागरिकांच्या कचेरीत जात. तिथे आपल्या देशात राहायचा परवाना मिळे, वर्षभरापुरता. एकदा सोबत म्हणून मी गेले होते. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता.

"कुठली गं तू?" त्यानं विचारलं.

"इथली," माऊ म्हणाली.

"कागदावर तसं नाही."

"मग कागद चुकलाय. खोडून टाका."

तो हसला आणि शिक्का मारला. पण परवाना आईच्या नावावर होता, मूल म्हणून. मूल अठरा वर्षांचं झालं की तो संपायचा, पुढे वाढवून मिळायचा नाही. मग बापाच्या देशात जायचं. तिथे एक आत्या होती, भली बाई, पाठवून द्या म्हणत होती. माऊनं तिला फोटोत पाहिलं होतं.

माऊला सतरावं लागलं त्या वर्षी दुरुस्ती आली. जिथे "बापाकडून" होतं तिथे "बापाकडून किंवा आईकडून" एवढंच करायचं होतं. तेवढ्यासाठी भाषणं किती झाली ते माझ्या मनगटाला विचारा. देशात अशा हजारो मुली आणि मुलगे होते, त्यामुळे सगळीकडे हाच विषय. हिशेब काठावरचा होता. जमलं तर पुढचं सगळं उरकून माऊ अठराची व्हायच्या आत कलम बदलणार. पडलं तर पुढच्या सभागृहापर्यंत थांबायचं, आणि माऊजवळ तेवढा वेळ नव्हता.

कडीदादांचं जेवण कमी झालं. एक दिवस ते मार्शलसाहेबांकडे गेले. हे साहेब सभागृहाच्या सगळ्या पहारेकऱ्यांचे मुख्य. मी तिथे कागदावर सही घ्यायला थांबले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"साहेब, त्या मतदानाच्या दिवशी माझी पाळी बदला."

"का?"

"माझ्या घरचा मामला आहे त्यात. नातीचा."

"मग? तुम्ही काय मत देणार आहात?"

"दार माझ्या हातात आहे ना, साहेब."

मार्शलसाहेब खो खो हसले. "अहो दादा, कडी घालायला काय घटनेचा अभ्यास लागतो? इतकी वर्षं घालताय, तशीच घाला. दुसरा कुणी उभा केला तर त्याला त्या कडीचा खटकासुद्धा सापडायचा नाही. जा, चहा घ्या."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, कशाला उगाच? तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?"

"म्हणतील ताई. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. नातीसाठी दार धरून ठेवलं म्हणतील."

"धरणार आहात का?"

"तेच तर. मला माझा भरवसा नाही." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, विषय संपला.

मतदानाच्या दिवशी गॅलरी गच्च भरली होती. सकाळी गुरुजी बोलले. हे पूर्वीचे शाळामास्तर, तिसऱ्यांदा निवडून आलेले, गोड माणूस, कायम पुस्तकात नाक. त्यांनी दुरुस्तीच्या बाजूनं भाषण केलं आणि फार चांगलं केलं, म्हणजे लहान केलं. मग ते उठून बाहेर गेले. व्हरांड्याच्या वळणापलीकडे खिडकीशी एक बाक होतं, तिथे बसून वाचायची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. गुरुजी नेहमी अगदी शेवटच्या क्षणी आत शिरत. लोक म्हणत, मास्तर झाले तरी शाळेत उशीर करायची सवय गेली नाही. त्यांच्या पक्षाच्या प्रतोदानं सकाळी त्यांना पाहिलं होतं, भाषण ऐकलं होतं, त्यामुळे तो दुसऱ्या डळमळीत सभासदांना धरून आणायच्या मागे लागला.

घंटा वाजू लागली. लोक येत राहिले. माझ्या जागेवरून मला दार सरळ दिसायचं. कडीदादा दाराला पाठ टेकून उभे होते आणि आत बघत होते, समोरच्या भिंतीकडे. एरवी ते येणाऱ्यांकडे बघत, प्रत्येकाला मान हलवत. त्या दिवशी त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. घंटा थांबली.

"दार लावा," सभापती म्हणाले.

कडीदादा वळले, दार लोटलं आणि कडी घातली.

हाक नाही. डोकं बाहेर काढणं नाही. श्वासभर थांबणं नाही. सभापती हाकेची वाट बघत तसेच थांबले, मग वर पाहिलं, कडी पडलेली दिसली, आणि त्यांनी कागद उचलला. हाक नियमात नव्हतीच, त्यामुळे ती न दिल्यानं कुठला नियम मोडला नाही. हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं, आणि तरी ते पटलं नाही.

मोजणी झाली. दुरुस्तीला एक मत कमी पडलं.

कडी निघाली, दार उघडलं. व्हरांड्यातून गुरुजी येत होते, पुस्तकात बोट घालून, चष्मा कपाळावर. आतून माणसं बाहेर पडताना बघून ते गोंधळले.

"काय हो दादा, मतदान कधी आहे?"

"झालं," कडीदादा म्हणाले.

गुरुजींच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते तिथेच भिंतीला टेकले. माझी पाळी संपली होती, मी दोघांजवळ जाऊन उभी राहिले. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पण हाक कुठे झाली? मला ती घंटा ऐकू येत नाही हो. फार बारीक आवाज आहे तिचा. कान गेलेत माझे, काही वर्षं झाली. पक्षाला कळलं असतं तर तिकीट गेलं असतं, म्हणून कुणाला बोललो नाही. तुमचा आवाज मात्र ऐकू येतो. मी तुमच्या हाकेवर उठतो, दादा. दर वेळी."

कडीदादांना हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्यांनाही वाटायचं की गुरुजी आळशी आहेत. ते फडकं घेऊन कडी पुसायला लागले, पुसत राहिले.

घरी जाताना मी त्यांच्याबरोबर चालत होते. अर्धा रस्ता झाला. मग मला राहवेना.

"का नाही दिलीत हाक?"

"डोकं बाहेर काढलं असतं तर कुणीतरी दिसलं असतं, ताई. दिसलं असतं तर मी थांबलो असतो. आणि थांबलो असतो तर ते नातीसाठी झालं असतं."

"आणि रोज कुणासाठी थांबता?"

"रोज सगळ्यांसाठी."

"मग आज सगळ्यांत तुमची नात नव्हती?"

मला त्यांचा संताप आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. ज्या माणसांना खुर्ची घट्ट धरून बसायचं होतं त्यांना यांनी हाक दिली. उपाशी असोत की पोट फुगेपर्यंत जेवलेले असोत, सगळ्यांना दिली. आणि आपल्या माणसाची पाळी आली तेव्हा, पक्षपाती ठरू या भीतीनं, इतरांना मिळणारं तेवढंसुद्धा तिला दिलं नाही. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं हेच होतं, नाकाच्या बाजूचं दिसत नाही. पण रागावून मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. दार कुणाच्याही नातीसाठी धरून ठेवणारे दारवान असते, तर त्या खुर्चीवाल्याची माणसंही आत शिरली असती.

घरी मुलीनं रेडिओवर ऐकलं होतं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, नुकतीच आली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तिनं बापाकडे पाहिलं. एक मत कमी पडलं हे तिला माहीत होतं, गुरुजींचं माहीत नव्हतं. तरी तिनं तेच विचारलं जे तिनं लहानपणापासून रोज विचारलं असेल, शाळेतून आल्यावर गंमत म्हणून.

"बाबा, हाक दिलीत ना?"

"नाही."

"तुम्ही तर सगळ्यांना देता."

ती आत गेली. माऊ ओट्याशी उभी राहून भाजी ढवळत होती. तिनं गॅस बारीक केला, पाण्याचा तांब्या भरला आणि आजोबांसमोर ठेवला. "आजोबा, बस आता. तू मुद्दाम केलं नाहीस, माहितेय मला. जेवून घे." ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. खरं तर त्यांनी मुद्दामच केलं होतं, पण ते तिला समजावून सांगणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि माझ्याही.

एका वर्तमानपत्रात छापून आलं, "नातीपेक्षा कर्तव्य मोठे." कुणीतरी ते कापून त्यांच्या खुर्चीजवळ चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. गुरुजींनी मात्र माझ्या मते मोठेपणाचं काम केलं. सभागृहात उभं राहून सांगितलं की मला ऐकू येत नाही, मी ते लपवलं, माझ्यामुळे हे मत गेलं, पुन्हा मतदान घ्या. मी ते उतरवून घेतलं. सभापती म्हणाले की त्यांना खेद आहे, पण तशी तरतूद नाही. पुढच्या निवडणुकीत गुरुजींना तिकीट मिळालं नाही.

वसाहतीतले तरुण तावातावानं म्हणायला लागले की ही घटनाच फेकून द्या, अख्खी नवी लिहा. बोलायला काय जातं? नवी लिहायची म्हणजे आधी घटना समिती हवी, समितीची निवडणूक हवी, मग ती बसणार, भांडणार, लिहिणार, पुन्हा लोकांपुढे जाणार. तोवर माऊ आजी झाली असती. आणि नवी लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात काहीतरी आलं नसतंच, तेव्हा कुणा दुसऱ्याच्या नातीला बॅग भरावी लागली असती.

माऊनं भरली. अठरावं सरलं, परवाना संपला, आत्यानं तिकीट पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी ती सगळ्या घरांतून फिरली, प्रत्येकाकडे काहीतरी खाल्लं. माझ्याकडे पोळी खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, आजोबांवर रागावू नकोस गं. ते तुझ्याशीच बोलतात." विमानतळावर मी गेले नाही. मला असल्या गोष्टी जमत नाहीत. कडीदादा गेले होते. परत आल्यावर ते पाळण्याच्या जागी केव्हाच परत आलेल्या बाकड्यावर बसून राहिले आणि मुलीनं त्यांना आत बोलावलं. बाप-लेकीत बोलणं बंद कधीच झालं नाही. कामापुरतं झालं, इतकंच.

सभागृहात हाक पुन्हा चालू झाली. गुरुजी होते तोवर कडीदादा दारातून दोन पावलं बाहेर जाऊन, वळणाकडे तोंड करून हाक देत. सभापतींनी कधी हटकलं नाही.

वर्षं गेली. माणसं बदलली, सभागृह बदललं, लोकांची मनंही बदलली असावीत. दुरुस्ती पुन्हा आली आणि या खेपेस इतक्या मतांनी झाली की दहा-बारा जण बाहेर राहिले असते तरी चाललं असतं. मग एकेक प्रांत होय म्हणत गेला. एका प्रांताच्या विधिमंडळात तर छत गळत होतं म्हणून मतदान लांबलं. शेवटी लोकांची पाळी आली. तोवर कडीदादा आणि मी दोघंही निवृत्त झालो होतो. जवळच्या शाळेत मतदान होतं. कडीदादा, त्यांची मुलगी आणि मी एकाच रांगेत उभे राहिलो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मतांसाठी दार लावणारा माणूस, या कलमावर पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं मत होतं. बाहेर आल्यावर मुलीनं त्यांचा हात धरला, पायऱ्या उतरायला म्हणून, आणि पायऱ्या संपल्यावरही सोडला नाही.

निकाल लागला. लोकांनी होय म्हटलं. कलम आधी जन्मलेल्यांनाही लागू होतं, मोठ्या झालेल्यांनाही. कडीदादांनी कचेरीत जाऊन सगळं विचारून घेतलं होतं. माऊनं इथे येऊन अर्ज करायचा, तिकडचं नागरिकत्व सोडायचं, मग ती इथली. घरात तिची खाट होती. ती त्यांनी भिंतीपासून पुढे ओढली आणि गादीला ऊन दाखवलं.

त्या संध्याकाळी फोन लावला तेव्हा मी खालीच होते. मुलीनं फोन ताटलीला टेकवून उभा केला, आवाज मोठा केला. माऊ तिकडे एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. आमच्या भाषेत बोलायची, पण आता मधेमधे थांबून, शब्द शोधत.

"माऊ, झालं गं," कडीदादा म्हणाले. "लोकांनी होय म्हटलं. तू आता इथली."

"खरंच? आजोबा, खरंच?" ती हसली, मग बहुधा रडलीही. "थांब, मी बाहेर येते, इथे पेशंट आहेत."

दार उघडल्याचा आवाज आला, रहदारीचा आला.

"मग येतेस ना आता?" कडीदादांनी विचारलं. त्यांचा आवाज कधी इतका बारीक ऐकल्याचं मला आठवत नाही.

"येणार म्हणजे काय! येणारच. सुट्टी मिळाली की लगेच येते. पंधरा दिवस तरी राहीन, बघ."

मुलीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. कडीदादा फोनकडे बघत होते.

"ये," ते म्हणाले. "पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले."